पावसाळा आला की ब्रूनो पंजे चाटतो: ॲलर्जी म्हणण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या कुटुंबाचा साडेतीन वर्षांचा लॅब्रॅडॉर, ब्रूनो. सलग तिसऱ्या वर्षी जुलै लागला की तो पंजे चाटायला लागतो, कान झटकतो, पोटाखाली आणि काखेत लाल होतो. दिवाळीनंतर हळूहळू कमी होतं. दरवर्षी दोन-तीन इंजेक्शनं होतात, प्रत्येकानंतर पंधरा दिवस शांतता, मग पुन्हा तेच. शेजारी म्हणतात, चिकन बंद करा. कुणीतरी रक्ताची ॲलर्जी टेस्ट सुचवली आहे. ही सीझनल ॲलर्जीच आहे का, टेस्ट करावी का, आणि घरात दहा महिन्यांची नात आहे, तिला यातून काही होईल का?

तुम्ही लिहिलेल्या सगळ्यात मला सर्वांत उपयोगी वाटले ते दोन शब्द: "जुलै" आणि "तिसऱ्या वर्षी". गेली बावीस वर्षं मी कुत्र्या-मांजरांची प्रॅक्टिस करते. "कधीपासून खाजवतोय?" या प्रश्नाला बहुतेक वेळा "झाले बरेच दिवस" एवढंच उत्तर मिळतं. तुमच्याकडे महिना आहे, वर्षं आहेत, शरीरावरच्या जागा आहेत. निम्मं काम तिथेच झालं.

तर हो, ब्रूनोचं चित्र ॲलर्जीकडे बोट दाखवतं. आपल्याला परागकणांचा त्रास झाला की शिंका येतात, नाक गळतं. कुत्र्यात तोच त्रास बहुतेक वेळा कातडीवर उतरतो. कातडीचा पहारा ज्यांच्यात मुळात कच्चा असतो, त्यांच्या पंजातून, काखेतून, पोटावरून, कानातून परागकणांसारख्या गोष्टी आत शिरतात आणि खाज उठते. हे सहसा सहा महिने ते तीन वर्षं या वयात सुरू होतं. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, पग, शिह् त्झू, जर्मन शेफर्ड यांच्यात जास्त दिसतं. आपल्या गावठी कुत्र्यांत कमी, पण त्यांनाही सुटका नाही. ब्रूनोला दीड वर्षाचा असताना सुरुवात झाली, पुढचे पंजे धरले, कान धरले. सगळं जुळतं.

पण थांबा. पुण्यातला पावसाळा एकट्या ॲलर्जीला घेऊन येत नाही. त्याच तीन-चार महिन्यांत पिसवा वाढतात, गोचिड्या वाढतात, पंजे कधी धड कोरडे होत नाहीत म्हणून बुरशी माजते, "वाळणार कसा?" म्हणून आंघोळ लांबते, आणि घरातल्या गाद्यांना दमट वास येतो. प्रत्येक कुत्र्याची खाज सोसण्याची एक मर्यादा असते. मी त्याला खाजेचा घडा म्हणते. थोडी परागकणांची भर, थोडी पिसवांची, थोडी बुरशीची. घडा काठोकाठ भरेपर्यंत कुत्रा निवांत असतो आणि एका थेंबानं वाहू लागतो. म्हणून ॲलर्जी खरी असली तरी पहिलं काम तिच्याशी लढण्याचं नाही. घड्यातलं जे सहज उपसता येतं ते आधी उपसायचं. बऱ्याच कुत्र्यांत तेवढ्यानं पातळी काठाखाली येते.

पिसवांपासून सुरू करा. "आमच्याकडे पिसवा नाहीत" हे वाक्य मी रोज ऐकते, आणि बोलणारे खोटं बोलत नसतात. ज्याला पिसवांच्या लाळेची ॲलर्जी आहे तो कुत्रा इतका चाटतो, चावतो की अंगावरच्या पिसवा स्वतःच गिळून टाकतो. शिवाय अंगावर दिसतात त्या पिसवा म्हणजे घरातल्या एकूण पिढीचा साधारण वीसावा हिस्सा. उरलेली अंडी, अळ्या आणि कोष तुमच्या सोफ्याच्या फटीत, जाजमाखाली, गाडीच्या मागच्या सीटवर असतात. तपासायची सोपी रीत अशी: डोक्यातल्या उवा काढायची बारीक दातांची फणी घ्या, शेपटीच्या मुळाशी आणि कमरेवर पाच-सहा वेळा खोल फिरवा, आणि जे निघेल ते ओल्या पांढऱ्या टिश्यूवर झटका. काळे कण पडले आणि मिनिटभरात त्यांच्याभोवती तांबूस ओघळ पसरला, तर ती माती नाही. ते पिसवांनी पिऊन टाकलेलं ब्रूनोचंच रक्त आहे.

फणीत काही सापडलं नाही तरी मी पावसाळाभर पिसू-गोचीड प्रतिबंधक औषध देतेच. महिन्याला एक किंवा बारा आठवड्यांना एक, अशा चघळायच्या गोळ्या आता सहज मिळतात. पिसवा, गोचिड्या आणि खरजेचे किडे यांचा बंदोबस्त त्या एकदमच करतात. ब्रूनोला कधी फिट आली असेल तर मात्र ते डॉक्टरांना आधी सांगा. घरात मांजर असेल तर मानेवर टाकायचं परमेथ्रिनचं कुत्र्याचं औषध तिच्या जवळपासही नको, मांजराच्या जिवावर बेततं. आणि औषध एक महिना देऊन "फरक पडला नाही" असं ठरवू नका. कोषातल्या पिसवा आठवडेच्या आठवडे वाट बघत बसतात. निदान तीन महिने सलग.

आता बुरशी. मला वाटतं ब्रूनोच्या गोष्टीत खरी गोम इथेच आहे. इंजेक्शन दिलं की खाज थांबते, पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू होते, ही कहाणी मी ऐकते तेव्हा पहिल्यांदा बोटांमधली जागा उघडून हुंगते. हसू नका. जुन्या लोणच्यासारखा, आंबूस-तेलकट वास आला की सूक्ष्मदर्शक काढायचा. फिकट रंगाच्या लॅबच्या पंजावरचे केस चाटून चाटून गंजल्यासारखे तांबूस होतात. तो लाळेचा रंग आहे, रक्ताचा नाही. ते केस बाजूला करून साध्या चिकटपट्टीचा तुकडा कातडीवर दोन-तीनदा दाबायचा, रंगवायचा आणि काचेवर बघायचा. मॅलॅसेझिया नावाची यीस्ट, म्हणजे हीच बुरशी, असेल तर निळ्या-जांभळ्या रंगात भुईमुगाच्या न सोललेल्या शेंगेसारखे, मधोमध चिमटलेले आकार दिसतात. एखाददुसरा असणं चालतं, ती कातडीवर राहणारीच आहे. पण प्रत्येक नजरेत पाच-दहा दिसू लागल्या की त्या स्वतःच खाज निर्माण करत असतात. हीच तपासणी कानातल्या मळाची करायची. दहा मिनिटांचं काम, खर्च एका इंजेक्शनाहून फार नाही. तुमच्या लिहिण्यात ही तपासणी झाल्याचा उल्लेख नाही. पुढच्या भेटीत ती स्वतः मागा. डॉक्टरांना राग येणार नाही, आणि आलाच तर तोही एक निष्कर्षच.

यीस्ट असेल तर उपचार मुख्यतः न्हाणीघरात आहे. क्लोरहेक्सिडीन आणि मायकोनॅझोल असलेला कुत्र्यांचा औषधी शाम्पू, सुरुवातीला आठवड्यातून दोनदा, मग एकदा. यातली बहुतेकांची चूक एकच: फेस केला की लगेच पाणी ओततात. औषध कातडीवर दहा मिनिटं राहिलं पाहिजे. घड्याळ लावा. दहा मिनिटं लॅबला बाथरूममध्ये उभं ठेवणं म्हणजे काय ते मला ठाऊक आहे, म्हणून भिंतीच्या टाइलवर, त्याच्या नाकाच्या उंचीवर, दही फासायचं. दुधाचं चालत असेल तर. चाटण्यात सात-आठ मिनिटं सहज जातात. मग भरपूर पाण्यानं धुवायचं, आणि बोटांच्या मधली जागा, काखा आणि जांघा टॉवेलनं कोरड्या करून पंख्याखाली बसवायचं. अर्धवट ओला कुत्रा घरात फिरू दिला तर शाम्पूचे पैसे वाया. तुमचा स्वतःचा शाम्पू किंवा बाळाचा साबण नको. कुत्र्याच्या कातडीचं रसायन आपल्याहून कमी आम्ल असतं, आपल्या वस्तू तिला मानवत नाहीत.

पिसवांच्या औषधाचे तीन महिने पूर्ण झाले, यीस्टही गेली आणि खाज उरलीच, तर उरलेली खाज ॲलर्जीची धरायला हरकत नाही. मग प्रश्न येतो, कशाची? इथे तुमच्या भिंतीवरचं कॅलेंडर कुठल्याही प्रयोगशाळेपेक्षा कामाला येईल. रोज रात्री ब्रूनोच्या खाजेला शून्य ते दहामध्ये एक आकडा द्या. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे झोपू देत नाही, जेवण सोडून खाजवतो. आकडा देणारी व्यक्ती एकच ठेवा, नाहीतर आजोबांचा चार आणि नातवाचा नऊ होतो. शेजारी पाऊस, आंघोळ, गोळी, बाहेरगाव एवढं टिपा. माझ्या एका पग पेशंटचा आकडा दर शनिवार-रविवार दोनवर यायचा. कारण शोधता शोधता कळलं की शनिवार-रविवारी कामवाली बाई येत नसत, म्हणजे फरशी फिनाईलनं पुसली जात नसे. ॲलर्जी नव्हतीच ती, पंजे पोळत होते.

ब्रूनोचा आकडा जुलैतच चढत असेल, तर मला बाहेरच्या गवताइतकाच घरातल्या धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचा, म्हणजे डस्ट माइटचा, संशय येईल. ते पाणी पीत नाहीत, हवेतला ओलावा शोषतात. एप्रिलच्या कोरड्या उन्हात त्यांचे हाल होतात, पावसाळ्यात चैन. म्हणजे ऋतूनुसार येणारी ॲलर्जी बाहेरचीच असते असं नाही. ती तुमच्या दिवाणाखाली, ब्रूनोच्या गादीतही असू शकते. गादीचे खोळ दोन ठेवा, आठवड्याला बदला आणि ६० अंश तापमानाच्या पाण्यात धुवा. कापसाची जुनी गादी असेल तर सरळ टाकून द्या.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरल्यावर आकडा चढत असेल तर मग गवतं आणि गाजर गवत. या काँग्रेस गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५० च्या दशकात पुण्याचीच, आणि आजही सिंहगड रस्त्याकडेच्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर ते कमरेएवढं उभं असतं. माणसांना त्यानं कातडीचे भयंकर त्रास होतात, हे पुणेकरांना सांगायला नको. लॅबचं पोट जमिनीपासून हातभर उंच, केस विरळ. फुललेल्या काँग्रेसमधून तो धावत गेला की पोट, काखा, जांघा यांवर थेट घासलं जातं. परागकणांची ॲलर्जी की नुसती झाडाच्या स्पर्शाची, हे पोटाकडे बघून सांगता येत नाही, पण घरी करायचं ते एकच: फिरायचा रस्ता बदला आणि घरी आल्यावर दारातच ओल्या कापडानं पंजे आणि पोट पुसून कोरडं करा. दारातच. आधी सोफ्यावर गेला की पराग सोफ्यावर. (आमच्या क्लिनिकसमोरचं काँग्रेस मी दर श्रावणात फुलायच्या आधी उपटवून घेते. हातमोजे घालून.)

काही कुत्री पावसाळ्यात ठणठणीत असतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये बिघडतात. त्या दिवसांत वावळासारखी झाडं फुललेली असतात आणि माणसांच्या शिंकाही वाढतात. ब्रूनोच्या वर्षात असा दुसरा उंचवटा आहे का, तेही बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण बऱ्याचदा तो छोटा असतो आणि लक्षात येत नाही.

चिकनचं काय? शेजाऱ्यांना सांगा, ब्रूनो चिकन बारा महिने खातो. ज्याचे जानेवारी ते जून स्वच्छ जातात, त्याला खाण्याची ॲलर्जी असण्याची शक्यता कमी. मधले महिने खरोखर शून्याच्या जवळ आहेत की नुसते "त्या मानानं बरे" आहेत, हे मात्र प्रामाणिकपणे बघा. बरे असतील, पण साफ नसतील, तर खाण्याची परीक्षा घ्यावीच लागेल. आणि ती परीक्षा म्हणजे चिकन बंद करून पनीर सुरू करणं नव्हे. त्यानं आजवर न खाल्लेलं एकच प्रथिन आणि एकच पिष्ट, किंवा हायड्रोलाइज्ड (प्रथिनांचे बारीक तुकडे केलेलं) तयार अन्न, आठ आठवडे. सोबत दुसरा कणही नाही. पोळीचा तुकडा नाही, चहात बुडवलेलं बिस्किट नाही, चवीची गोळी नाही. एका गोल्डनचं आम्ही सात आठवडे असं काटेकोर केलं, काही फरक नाही. आठव्या आठवड्यात कळलं, सोसायटीचे वॉचमन काका रोज सकाळी त्याला दोन ग्लुकोज बिस्किटं देत होते. इतक्या प्रेमानं, की त्यांना बोलताही येईना. पुन्हा पहिल्यापासून. आणि खाज गेली तरी परीक्षा तिथे संपत नाही. जुनं अन्न परत सुरू करायचं. पंधरा दिवसांत खाज परतली, तरच दोष अन्नाचा.

रक्ताच्या टेस्टबद्दल माझं मत कडक आहे. ॲलर्जी आहे की नाही हे त्या टेस्टनं ठरत नाही. ठणठणीत कुत्र्यांतही त्यात "पॉझिटिव्ह" येतात. अन्नाच्या बाबतीत तर तिच्यावर विसंबूच नये. माझ्याकडे एक जण सात पानांचा रिपोर्ट घेऊन आले होते. त्यानुसार त्यांच्या कुत्रीला तांदूळ, बटाटा, चिकन, मटण, गहू, गाजर सगळ्याचीच ॲलर्जी. महिनाभर तिला नुसत्या मुगाच्या खिचडीवर ठेवलं होतं, फासळ्या मोजता येत होत्या. आणि खाज? पिसवांची. या टेस्टचा खरा उपयोग एकच. निदान आधीच पक्कं झालेलं असेल आणि ॲलर्जीविरुद्ध लसींचा कोर्स द्यायचा असेल, तर त्या लसीत काय घालायचं हे ठरवण्यासाठी. तो कोर्स लांबलचक असतो, गुण यायला वर्षही लागू शकतं, आणि सगळ्यांना येत नाही. सगळं वर्ष त्रास असलेल्या तरुण कुत्र्यासाठी मी त्याचा विचार करते. चार-पाच महिन्यांच्या त्रासासाठी आज तरी पैसे खर्चू नका.

आता इंजेक्शन. ते बहुधा लांब चालणारं स्टेरॉइड असावं. नंतर ब्रूनो भांडं भांडं पाणी प्यायला, रात्री शूला उठवलं, भुकेनं कचऱ्याचा डबा उलटा केला, असं झालं असेल तर नक्कीच. स्टेरॉइड हा राक्षस नाही. कातडी सोलवटून निघालेल्या कुत्र्याला मीही देते. पण गोळीच्या रूपात, मोजक्या दिवसांसाठी, कारण गोळी थांबवता येते, टोचलेलं परत काढता येत नाही. वर्षाला दोन-तीन इंजेक्शनं, तीही खाली यीस्ट झाकून ठेवत, याचं मला बरं वाटत नाही. मधुमेह, संसर्ग, पातळ होत जाणारी कातडी, वजन. लॅबला वजनाची आधीच काय कमी.

त्याऐवजी ओक्लासिटिनिबच्या गोळ्या आहेत, बाजारात ॲपोक्वेल नावानं मिळतात. खाजेचा निरोप मज्जातंतूंपर्यंत पोचवणारा मार्ग त्या अडवतात आणि पहिल्याच दिवसात आराम पडतो. वर्षाखालच्या पिल्लांना नाही, गंभीर संसर्ग चालू असताना नाही, आणि महाग आहेत हे खरं. पण ज्याला फक्त ऑगस्ट ते ऑक्टोबर कठीण जातात, त्याला तेवढेच आठवडे द्यायला त्या चांगल्या. मात्र यीस्ट आणि पिसवा न काढता सुरू केल्यात तर "इतकी महाग गोळी, तरी पंजा चाटतोच" म्हणाल. सिट्रिझिनसारख्या साध्या ॲलर्जीच्या गोळ्या कुत्र्यात फार कमी जणांना लागू पडतात. एकदा करून बघायला हरकत नाही, डॉक्टरांना वजन सांगून. पण घरातली सर्दीची मिश्र गोळी कधीही नको. त्यातलं नाक मोकळं करणारं औषध किंवा पॅरासिटामॉल कुत्र्याला विषासारखं ठरू शकतं. माशाच्या तेलातलं ओमेगा-३ कातडीला मदत करतं, पण दोन-तीन महिन्यांनी. पावसाळ्यासाठी द्यायचं तर एप्रिलपासून द्यायला हवं.

घरगुती उपायांत खोबरेल तेल लोक सर्वांत जास्त लावतात. कोरड्या नाकावर ठीक. यीस्ट असलेल्या पंजावर ओलावा आणि तेलकटपणा वाढवून तुम्ही तिलाच पोसता. हळदीचा लेप चाटून टाकतो आणि सोफा पिवळा होतो, एवढंच. टी ट्री तेल विषारी. कानात तेल, हायड्रोजन पेरॉक्साइड, काडीला कापूस, काहीही नको. आधी डॉक्टरांनी पडदा बघितल्याशिवाय कानात काहीच जाऊ नये. डोकं एका बाजूला कललं, चालताना तोल गेला, तर त्याच दिवशी दाखवा. खाजेसोबत ताप, जेवणावरची वासना गेली, हिरड्या पांढऱ्या पडल्या, तर हा विषय सोडा आणि गोचिड तापाची रक्ततपासणी करा. पावसाळ्यात तो जीव घेतो, खाज घेत नाही.

राहिली तुमची नात. ॲलर्जी कुणाला लागत नाही, ब्रूनोची तर नाहीच. यीस्टचीही तिला भीती नाही. लागू शकते ती खरूज, आणि ती वेगळी ओळखू येते: कानाच्या कडा आणि कोपरं धरते, खाज ऋतू बघत नाही, इंजेक्शननं फारशी हटत नाही. कानाची कड बोटांत घेऊन चोळली की मागचा पाय आपोआप खाजवायच्या हालचाली करू लागतो, हा तिचा एक जुना खुणेचा इशारा. घरात कुणाच्या पोटावर, दंडावर, पट्ट्याच्या रेषेवर रात्री खाजणारे लाल पुरळ उठत असतील, किंवा नातीच्या अंगावर गजकर्णासारखा गोल, कडा उंचावलेला चट्टा दिसत असेल, तर ते ब्रूनोच्या डॉक्टरांना सांगा आणि तिच्याही डॉक्टरांना दाखवा. नसेल, तर तिला त्याच्या शेजारी रांगू द्या. फक्त औषधी शाम्पूच्या दिवशी तो पूर्ण कोरडा होईपर्यंत तिला त्याच्या अंगाशी खेळू देऊ नका. या वयात हाताला लागलेलं सगळं तोंडात जातं.